धुराड्यातील उत्प्रेरक आणि पंचवीस टक्क्यांखालचे इंजिन

जहाजांच्या प्रदूषणाचा विषय निघाला की आपल्याकडे बहुतेकांना पाण्यावरचा तेलाचा तवंग आठवतो, आणि थोडे अधिक वाचन असलेल्यांना १ जानेवारी २०२० पासून जगभर लागू झालेली इंधनातील गंधकाची ०.५ टक्क्यांची मर्यादा. नायट्रोजन ऑक्साइडकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम करणारे आम्ही लोक त्याला नुसते ‘नॉक्स’ म्हणतो. गंधकाचा प्रश्न बराचसा इंधन बदलून सुटतो. नॉक्सचा सुटत नाही, कारण डिझेल इंजिनातील नॉक्सपैकी बहुतांश भाग इंधनातून नव्हे तर आपण श्वासावाटे घेतो त्याच हवेतून तयार होतो. त्यावर आज उपलब्ध असलेला सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे धुराच्या वाटेवर बसवलेला उत्प्रेरक. तो हाताळताना माझे जे मत बनले आहे ते असे, की रसायनशास्त्रात कुठेही खोट नाही. खोट आहे ती तापमानात आणि नियमाने निवडलेल्या मोजणीच्या बिंदूंत. नियमाची मोजणी जिथे थांबते, जवळजवळ तिथूनच बंदराचा परिसर सुरू होतो.

हवेतील नायट्रोजनचा रेणू सहजासहजी तुटत नाही. मात्र सिलिंडरमध्ये इंधन पेटल्यावर ज्योतीजवळचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, आणि तेथे ऑक्सिजनचे सुटे अणू या रेणूवर तुटून पडतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव झेल्डोविच यांनी १९४० च्या दशकात या अभिक्रियेची साखळी मांडली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिचा व्यवहारातील अर्थ असा की ज्योत जितकी तप्त आणि तप्त वायू तितक्या तापमानात जितका अधिक वेळ राहील, तितका नॉक्स अधिक. मोठ्या मालवाहू जहाजांची द्विघाती (टू-स्ट्रोक) इंजिने मिनिटाला शंभराच्या आसपास, कधी त्याहूनही कमी फेरे घेतात, त्यामुळे या अभिक्रियेला त्यांच्या सिलिंडरमध्ये भरपूर सवड मिळते. पंचाईत अशी की ज्या उष्ण ज्योतीमुळे नॉक्स वाढतो, तीच ज्योत इंजिनाची कार्यक्षमताही वाढवते. ज्वलन थंड केले की नॉक्स घटतो, पण त्याच कामाला इंधन जास्त लागते.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मारपोल, म्हणजे जहाजांचे प्रदूषण रोखण्यासाठीच्या, कराराचे सहावे परिशिष्ट २००५ च्या मे महिन्यात अमलात आले आणि २००८ मध्ये ते अधिक कडक करण्यात आले. त्यातील तेराव्या नियमात नॉक्सचे तीन टप्पे आहेत. मिनिटाला १३० पेक्षा कमी फेरे घेणाऱ्या इंजिनांसाठी पहिल्या टप्प्याची मर्यादा प्रति किलोवॉट-तास १७ ग्रॅम, दुसऱ्याची १४.४ ग्रॅम आणि तिसऱ्याची ३.४ ग्रॅम आहे. वेगवान इंजिनांना त्याहून कमी. पहिल्यावरून दुसऱ्या टप्प्यावर येण्यासाठी इंधन फवारणीची वेळ, व्हॉल्व्हची वेळ, नोझलची रचना असे फेरफार पुरले. परंतु १४.४ वरून ३.४ वर येणे म्हणजे तीन चतुर्थांशांहून अधिक कपात, आणि ती नुसत्या जुळवाजुळवीने होण्यासारखी नाही. ही तिसरी पायरी सगळ्या समुद्रांना लागूही नाही. उत्तर अमेरिकेचा किनारा आणि अमेरिकेच्या ताब्यातील कॅरिबियन बेटांचा परिसर यांसाठी १ जानेवारी २०१६ नंतर बांधायला घेतलेली जहाजे, आणि उत्तर समुद्र व बाल्टिक समुद्र यांसाठी १ जानेवारी २०२१ नंतरची जहाजे यांना ती आधी बंधनकारक झाली; कॅनडाचा आर्क्टिक भाग आणि नॉर्वेजियन समुद्र यांचा समावेश २०२४ मध्ये मंजूर झाला. बाल्टिक समुद्र जवळपास बंदिस्त असल्यामुळे तेथे प्रश्न केवळ हवेचा नाही. हवेतून पाण्यात उतरणारा नायट्रोजन शेवाळाला खत ठरतो आणि ते शेवाळ कुजताना तळाचा प्राणवायू संपवते.

‘बांधायला घेतलेली’ या शब्दांत एक पळवाटही आहे. जहाजाचे वय त्याची कील, म्हणजे तळाचा कणा, ठेवल्याच्या तारखेवरून धरले जाते. त्यामुळे २०१५ संपण्यापूर्वी अनेक गोद्यांमध्ये कीलचे तुकडे ठेवून घेण्याची घाई उडाली, आणि त्यांतील कित्येक जहाजे नंतर बऱ्याच अवकाशाने पूर्ण होऊनही कागदोपत्री जुन्या टप्प्यातच राहिली. नियमाची तारीख आणि नियमाचा परिणाम यांत पडलेल्या अंतराचा एक मोठा वाटा या घाईचा आहे.

उत्प्रेरकाची कल्पना मुळात वीजनिर्मिती केंद्रांतून आली. जपानमध्ये १९७० च्या दशकापासून बॉयलरच्या धुरावर हा उपाय वापरला जात आहे. धुरात अमोनिया मिसळायचा आणि ते मिश्रण व्हॅनेडियम पेंटॉक्साइडचा थर दिलेल्या, टायटॅनियम डायऑक्साइडच्या चौकोनी जाळीदार ठोकळ्यांमधून जाऊ द्यायचे, एवढीच त्याची रीत. जाळीच्या भिंतीवर अमोनिया आणि नॉक्समधला मुख्य घटक नायट्रिक ऑक्साइड एकमेकांना भेटतात, थोडा ऑक्सिजन त्यात भाग घेतो, आणि बाहेर पडतात ते नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. धुरात भरपूर ऑक्सिजन शिल्लक असतानाही अमोनिया त्याच्याशी न जळता निवडून नॉक्सशीच जुळतो, ही या उत्प्रेरकाची खरी करामत. या पद्धतीच्या ‘निवडक उत्प्रेरकी क्षपण’ या नावातील ‘निवडक’ विशेषणाचे कारणही तेच.

जहाजावर हे पहिल्यांदा आले ते १९९० च्या सुमारास. कोरियातून कॅलिफोर्नियातील पिट्सबर्ग येथील पोलाद कारखान्यासाठी माल नेणाऱ्या जहाजांना सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातील हवेचे कडक नियम पाळणे भाग होते, म्हणून त्यांच्या द्विघाती मुख्य इंजिनांवर उत्प्रेरक बसवण्यात आला. त्या जहाजांवर थेट अमोनियाच वापरला जात असे. अमोनिया हा विषारी वायू; बंद इंजिनरूममध्ये तो गळला तर काय होईल हे सांगण्याची गरज नाही. म्हणूनच पुढे जहाजांवर युरियाचे पाण्यातील द्रावण रूढ झाले. गरम धुरात फवारल्यावर युरियाचे विघटन होऊन अमोनिया जागच्या जागी तयार होतो. या तंत्राला पुढे मोठा हातभार लावला तो नॉर्वेने. त्या देशाने २००७ मध्ये नॉक्सवर कर बसवला आणि त्याच्या पुढच्याच वर्षी तेथील उद्योगसंघटनांनी सरकारशी करार करून असा निधी उभारला की ज्यात कंपन्यांनी कराऐवजी त्याहून कमी रक्कम भरायची आणि त्यातूनच उत्प्रेरक बसवण्यासाठी मदत घ्यायची. नियमांच्या धाकापेक्षा ही व्यवस्था मला नेहमीच अधिक शहाणपणाची वाटत आली आहे.

रस्त्यावरच्या बीएस-६ डिझेल वाहनांमुळे युरियाचे द्रावण आता आपल्याकडेही अनेकांच्या परिचयाचे झाले आहे. वाहनांसाठी ते ३२.५ टक्क्यांचे असते, कारण त्या प्रमाणात ते उणे ११ अंशांपर्यंत गोठत नाही. जहाजाची टाकी उबदार जागेत असते आणि जागाही महाग असते, म्हणून तेथे ४० टक्क्यांचे द्रावण वापरतात. ते किती लागते याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दहा हजार किलोवॉटचे इंजिन ७५ टक्के भारावर, म्हणजे पूर्ण शक्तीच्या पाऊणपट शक्तीवर, चालले आहे असे धरू. दुसऱ्या टप्प्याच्या मर्यादेने त्यातून ताशी १०८ किलो नॉक्स बाहेर पडतो. तो ३.४ ग्रॅमच्या हिशेबाला आणायचा तर ताशी सुमारे ८२ किलो नाहीसा करावा लागेल, आणि त्यासाठी ताशी ५४ किलोच्या आसपास युरिया, म्हणजे सुमारे १२० लिटर द्रावण. शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचे तर ४५ किलोची अठ्ठावीस-एकोणतीस पोती रोज धुराड्यात ओतायची. अर्थात शेतातला युरिया येथे चालत नाही. २०१५ पासून आपल्याकडे शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणे सक्तीचे आहे, आणि तसे नसते तरी त्यातील अशुद्ध घटक उत्प्रेरकाला मारक ठरले असते. जहाजाच्या द्रावणासाठी आयएसओ १८६११ हे वेगळे प्रमाण आहे. युरियाच्या विघटनातून थोडा कार्बन डायऑक्साइडही सुटतो, पण तो प्रति किलोवॉट-तास सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे इंधनातून येणाऱ्याच्या एखादा टक्का. उलट, उत्प्रेरक मागे उभा असल्यामुळे इंजिनाचे ज्वलन अधिक उष्ण ठेवून इंधन वाचवता येते, त्यामुळे हा हिशेब अनेकदा फायद्यातच जातो.

आता अडचणीकडे येतो. या उत्प्रेरकाला साधारणपणे ३०० ते ४०० अंशांचा धूर लागतो. चौघाती (फोर-स्ट्रोक) इंजिनांचा, म्हणजे जहाजावरील जनरेटरचा किंवा फेरीबोटींच्या मुख्य इंजिनांचा धूर टर्बोचार्जर, म्हणजे धुराच्या जोरावर टर्बाइन फिरवून इंजिनात हवा दाबणारे यंत्र, ओलांडल्यावरही पुरेशा भारावर तेवढा गरम असतो. द्विघाती इंजिन मात्र इतके काटकसरी असते, की टर्बोचार्जरनंतर त्याच्या धुरात २५० अंशांच्या आसपासच उष्णता उरते. यावर दोन मार्ग निघाले. पहिल्यात रिअॅक्टर, म्हणजे उत्प्रेरकाचे ठोकळे असलेले पात्र, टर्बोचार्जरच्या आधी, जेथे धूर गरम आणि दाबाखाली असतो तेथे बसवतात; दाबामुळे धुराचे आकारमान कमी राहते आणि रिअॅक्टरही लहान होतो. दुसऱ्यात तो टर्बोचार्जरच्या नंतर बसवून तेथे कमी गंधकाचे इंधन वापरतात, आणि ठोकळ्यांवर साचलेले क्षार जाळून टाकण्यासाठी अधूनमधून बर्नरने उष्णता देतात. तिसरा मार्ग उत्प्रेरकाचाच नाही. त्यात धुराचा काही भाग धुऊन, थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडतात आणि नॉक्स मुळातच कमी तयार होऊ देतात. त्याचे अनुयायी बरेच आहेत, परंतु धुण्याचे ते काळे पाणी सांभाळण्याचा व्याप पाहिल्यावर मी स्वतः युरियाच्या टाकीच्या बाजूने मत देईन.

तापमान कमी पडले तर नुसते काम मंदावते एवढ्यावर भागत नाही. व्हॅनेडियमला आणखी एक खोड आहे: तो धुरातील सल्फर डायऑक्साइडचे थोड्या प्रमाणात सल्फर ट्रायऑक्साइड करतो. हा ट्रायऑक्साइड, अमोनिया आणि वाफ एकत्र आले की अमोनियम बायसल्फेट नावाचा क्षार तयार होतो. तो सुमारे १४७ अंशांच्या वर वितळलेल्या चिकट अवस्थेत असतो आणि उत्प्रेरकाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून ती बुजवतो. त्यावर काजळी बसते, धुराला अडथळा होतो, आणि पुढे धुराच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या एक्झॉस्ट बॉयलरच्या नळ्यांवरही तोच थर चढतो. दाब जितका जास्त तितका हा क्षार अधिक तापमानालाही धरतो, म्हणून टर्बोचार्जरच्या आधी बसवलेल्या रिअॅक्टरला ३०० अंशांच्याही वर राहावे लागते आणि इंधनातील गंधक वाढले की ही किमान मर्यादाही वर सरकते. त्या रेषेखाली तापमान गेले की नियंत्रण यंत्रणा युरियाची फवारणी आपोआप बंद करते. ते योग्यच आहे. पण त्या क्षणापासून धुराड्यातून बाहेर पडतो तो पूर्ण नॉक्स.

प्रत्यक्ष कामात हे कसे दिसते ते सांगतो. तिसरा टप्पा जेथे लागू आहे त्या नियंत्रित क्षेत्राची सीमा अमेरिकेच्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांवर असते. तेथे पोहोचण्याच्या बऱ्याच आधी रिअॅक्टर तापवायला घ्यावा लागतो. धुराच्या वाटेवर तीन मोठे व्हॉल्व्ह असतात: एक रिअॅक्टरकडे जाणारा, एक त्यातून टर्बाइनकडे येणारा आणि एक बगलमार्गाचा. बगलमार्ग उघडा ठेवून थोडा थोडा धूर रिअॅक्टरमध्ये सोडायचा, आतले कित्येक टनांचे लोखंड आणि ठोकळे सावकाश गरम होऊ द्यायचे, आणि मगच बगलमार्ग बंद करायचा. घाई केली तर धुरातील उष्णता त्या थंड लोखंडातच जिरते, टर्बाइनला पुरेशी ऊर्जा मिळत नाही, सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या (स्कॅव्हेंज) हवेचा दाब पडतो आणि इंजिन धापा टाकू लागते. बाहेर पडतानाही तेच उलट्या क्रमाने. फवारणी थांबल्यावर नोझल आणि तिची नळी हवेने, काही ठिकाणी आधी गोड्या पाण्याने, साफ करावी लागते. ते राहिले तर आत उरलेले द्रावण सुकून युरियाचे पांढरे खडे धरतात. मिसळणाऱ्या पाइपच्या भिंतीवर, फवारा जेथे आदळतो त्या जागी धूर पुरेसा गरम नसेल, तर तेथे पांढरट दगडासारखे कवच वाढत जाते. तो नुसता युरिया नसतो. अर्धवट विघटनातून झालेले बाययुरेट आणि सायन्यूरिक आम्ल असते, आणि ते पाण्याने सहज धुतले जात नाही. छिन्नी घेऊन बसलेल्या फिटरला त्याचे रसायनशास्त्र सांगून उपयोग नसतो.

आणि आता तो पंचवीस टक्क्यांचा मुद्दा. मुख्य इंजिनाचे नॉक्स प्रमाणपत्र चार भारांवरच्या मोजणीवरून मिळते: १००, ७५, ५० आणि २५ टक्के. त्यांना अनुक्रमे ०.२, ०.५, ०.१५ आणि ०.१५ असे वजन देऊन सरासरी काढतात. तिसऱ्या टप्प्यात यांपैकी कोणत्याही एका बिंदूवर मर्यादेच्या दीडपटीहून अधिक नॉक्स नसावा अशी जोड अट आहे. २५ टक्क्यांच्या खाली मोजणीचा बिंदूच नाही. वरवर पाहता ही सूट किरकोळ वाटते, परंतु जहाजाच्या पंख्याला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते हे लक्षात घेतले की चित्र पालटते. पूर्ण शक्तीवर १५ नॉट (ताशी सागरी मैल) जाणारे जहाज २५ टक्के शक्तीवरही साडेनऊ नॉटच्या जवळपास चालते. बंदराच्या वाहिनीत ते आठ नॉटवर आले की लागणारी शक्ती १५ टक्क्यांवर येते. म्हणजे बंदराचा वाटाड्या (पायलट) जहाजावर चढल्यापासून धक्क्याला लागेपर्यंतचा जवळजवळ सगळा प्रवास नियमाने कधी मोजलाच नाही अशा भारावर होतो. मधल्या काळात खुल्या समुद्रातही इंधन वाचवण्यासाठी जहाजे मंद चालवण्याची पद्धत रुजली, त्यामुळे ७५ टक्क्यांच्या बिंदूला दिलेले अर्धे वजनही आजच्या वस्तुस्थितीशी जुळत नाही. खुल्या समुद्रात, जेथे माणूस नाही, तेथे उत्प्रेरक उत्तम चालतो. लोकवस्तीच्या जवळ येताच थंड पडतो. नायट्रोजन डायऑक्साइडने ज्यांची फुप्फुसे बिघडतात, ते लोक राहतात या वाहिनीच्या दोन्ही तीरांवर.

यात बांधणी करणाऱ्याचा किंवा जहाज चालवणाऱ्याचा अप्रामाणिकपणा नाही हे मुद्दाम नोंदवतो. जे मोजले जाते त्यासाठी यंत्र घडवले जाते, यात नवल ते काय? बेल्जियमने २०२० पासून आपल्या टेहळणी विमानावर नॉक्सचे संवेदक बसवले आहेत आणि ते विमान जहाजांच्या धुरातून जाऊन मोजणी करते. अशा मोजणीतून इंधनाच्या प्रमाणात नॉक्स किती हे कळते. नियम मात्र चार भारांच्या भारित सरासरीवर लिहिलेला असल्यामुळे त्या एका क्षणाच्या आकड्यावरून उल्लंघन सिद्ध करणे अवघड जाते. वाहनांच्या बाबतीत युरोपने प्रत्यक्ष रस्त्यावरची मोजणी बंधनकारक केली. जहाजांच्या बाबतीत तसे काही अजून नाही.

भारत या सहाव्या परिशिष्टाचा सदस्य आहे, परंतु आपल्या किनाऱ्यालगत नॉक्सचे नियंत्रित क्षेत्र नाही. त्यामुळे एखादे जहाज तिसऱ्या टप्प्याचा, कोट्यवधींचा उत्प्रेरक घेऊन न्हावा-शेवा येथे आले तरी त्याचा रिअॅक्टर कायद्याने बंदच ठेवता येतो आणि बहुधा ठेवलाही जातो. युरिया फुकट येत नाही, आणि नोंदवहीतही उत्प्रेरक चालू-बंद केल्याची वेळ केवळ नियंत्रित क्षेत्रापुरती लिहायची असते. ह्यूस्टनच्या वाहिनीत ज्या इंजिनावर उत्प्रेरक चालवण्याचा निदान प्रयत्न होतो, तेच इंजिन मुंबईच्या समुद्रात दुसऱ्या टप्प्याचे होऊन येते. क्षेत्र जाहीर करणे हा सरकारच्या विचाराचा भाग. पण यंत्रे येथे येतच आहेत आणि ती बंद आहेत, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे.

कमी भारावर काय करता येईल, याची उत्तरे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाहीत. काही द्विघाती इंजिनांवर कमी भारात सिलिंडरना बगल देऊन थोडी हवा थेट टर्बाइनकडे वळवतात. त्यामुळे सिलिंडरमधून जाणारी हवा कमी होते आणि धूर गरम राहतो. इंधन थोडे जास्त जाते, पण फवारणी चालू राहते. जनरेटरच्या बाबतीत तर उपाय व्यवस्थापनाचा आहे. बंदरात शिरताना सुरक्षिततेसाठी दोन किंवा तीन जनरेटर एकत्र चालवतात, प्रत्येक तीस-चाळीस टक्के भारावर, आणि मग एकाचाही धूर पुरेसा गरम होत नाही. वाहिनीत तसे करणे आवश्यकच आहे. ब्लॅकआउट होऊन, म्हणजे जहाजाची सगळी वीज जाऊन, ते पुलावर आदळण्यापेक्षा नॉक्स बरा. पण धक्क्याला दोर बांधून झाल्यावरही सवयीने दोन जनरेटर तसेच चालू ठेवलेले मी पाहतो. तेथे एकच जनरेटर नीट भार देऊन चालवला तर उत्प्रेरक कामाला लागतो आणि इंधनही वाचते. नियमाच्या बाजूने माझी अपेक्षा दोन गोष्टींची आहे: दहा-पंधरा टक्के भारावर एक मोजणीचा बिंदू, आणि चालू-बंदच्या नोंदीऐवजी रिअॅक्टरच्या प्रवेशाचे तापमान आणि युरियाचा प्रवाह यांची अखंड नोंद. दोन्ही आकडे नियंत्रण यंत्रणेत आजही साठवले जातात. ते कोणी मागत नाही इतकेच.

पुढच्या काळात हा विषय मावळेल असे वाटत नाही, कारण कार्बन टाळण्यासाठी ज्या इंधनांकडे पाहिले जात आहे त्यांत अमोनियाही आहे. अमोनिया जाळणाऱ्या इंजिनातही नॉक्स तयार होतोच, आणि तो काढण्यासाठी लागणारा अमोनिया जहाजावर आयताच असेल, म्हणजे युरियाची टाकी जाईल पण रिअॅक्टर राहील. भर पडेल ती नायट्रस ऑक्साइडची, ज्याचा तापमानवाढीवरील परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट धरला जातो, आणि नॉक्ससाठी बनवलेला व्हॅनेडियमचा उत्प्रेरक त्याला हातही लावत नाही. त्या इंजिनांच्या चाचणीचे बिंदू ठरवताना तरी कमी भाराचा विचार आधी व्हायला हवा, कारण ज्वलन अर्धवट राहण्याची आणि न जळलेला अमोनिया धुरात येण्याची भीती तेथेच सर्वांत अधिक आहे.